‘केले जाईल’ खोडणारा माणूस

‘जाईल’ हा शब्द त्यांना खपत नसे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मरोळच्या एका शाळेत, रविवारी. पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर ते गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत कारखान्याचं काळं ग्रीस, हातात लाल-निळी पेन्सिल. पुढ्यातल्या कागदावर लिहिलं होतं, ‘विभागाला पुरेसे पाणी पुरवले जाईल.’ त्यांनी शेवटच्या शब्दावर लाल रेघ मारली आणि समोरच्या माणसाला शांतपणे विचारलं, “जाईल. जातला खंय? आणि कोण नेतलो?” म्हणजे जाईल तर कुठे, आणि नेणार कोण?

समोरचा माणूस कॉलेजात शिकवणारा होता. तो म्हणाला, सगळ्या पक्षांचे जाहीरनामे असेच लिहितात. ते म्हणाले, म्हणूनच पाणी येत नाही.

आमचा पक्ष लहान होता. इतका लहान की नाव सांगितलं तर लोक आधी विचारात पडत आणि मग ‘तो अजून आहे का?’ म्हणत. मरोळ शाखेत चाळीसेक सभासद. ते शाखेचे सेक्रेटरी. एका कारखान्यात फिटर होते, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, तेही आधी थोडी वर्षं गिरणीतच होते. सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणत. मध्ये एक वर्ष दुसरं कोणीतरी सेक्रेटरी झालं होतं, तर त्याला आम्ही नावाने हाक मारायचो आणि यांना सेक्रेटरी. त्यांची बायकोसुद्धा दारात आलेल्याला सांगायची, “आमचो सेक्रेटरी बाहेर गेलोसा, बसा.”

मी तेव्हा बावीस वर्षांची. भावाच्या घरी राहायचे आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत टायपिस्ट होते. पक्षाबिक्षाचं मला काही नव्हतं. त्यांना मराठी टायपिंग येणारं माणूस हवं होतं, पत्रकांच्या सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापायला, आणि आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी माझं नाव सांगितलं. एक दुपार जाऊन येऊ म्हणून गेले आणि पाच वर्षं जात राहिले. त्या पाच वर्षांची आठवण मला अजून एखाद्या घराच्या आठवणीसारखी येते.

सभासद होण्याचा फॉर्म होता. त्यावर पक्षाची मूल्यं छापलेली: समता, लोकशाही, श्रमाची प्रतिष्ठा वगैरे. बाकीच्या शाखांत माणूस खाली सही करून मोकळा व्हायचा. आमच्याकडे सेक्रेटरी फॉर्म उलटा करून द्यायचे आणि म्हणायचे, यातलं कुठलं मूल्य तुला जमत नाही ते मागे लिही. जमतं ते सगळेच सांगतात.

मी बराच वेळ पेन चावत बसले. मग लिहिलं, ‘श्रमाची प्रतिष्ठा. घरी भांडी वहिनी घासते, मी ऑफिसचं कारण सांगते.’ त्यांनी वाचलं, हसले नाहीत, घडी घालून फाइलला लावलं. मी धीर करून विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं? म्हणाले, “लोकशाही. घरात माझाच चालता.” त्या संध्याकाळी मी भांडी घासली. वहिनीने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

वाद मिटवायची त्यांची एक पद्धत होती. एखाद्या ठरावावर दोघं हमरीतुमरीवर आले की ते दोघांना थांबवून जागा बदलायला लावायचे. जो विरोधात आहे त्याने पाच मिनिटं ठरावाच्या बाजूने बोलायचं, नीट, मन लावून. ते स्वतः घड्याळ बघायचे. माणसं चिडायची, हसायची, कधी उठून जायची. पण बरेचदा असं व्हायचं की बोलता बोलता त्या माणसाचा आवाज खाली यायचा. बैठक मात्र वेळेवर सुरू. टीव्हीवर रविवारी सकाळच्या मालिका लागायला लागल्या तेव्हा एकदा आम्ही दोघंच आलो. त्यांनी वर्गातल्या रिकाम्या बाकांकडे बघितलं, वहीत ‘गणसंख्येअभावी तहकूब’ असं लिहिलं, त्याखाली माझी सही घेतली, आणि पुढच्या वेळेपासून बैठक दुपारी ठेवली. मालिकेला नावं ठेवली नाहीत. लोकांना काय आवडतं हे कळणं, म्हणाले, तेही धोरणच.

पण त्यांचं खरं वेड वेगळं होतं. जाहीरनाम्यातलं प्रत्येक वाक्य ज्या माणसाबद्दल आहे, त्या माणसाला शोधून, त्याच्यासमोर बसून ते वाचून दाखवायचं. त्याशिवाय वाक्य मंजूर नाही. “ह्या वाक्यातलो माणूस खंय रवता?” असं ते विचारत. आणि मग निघायचं, पिशवीत कागद घेऊन.

पक्षाच्या मुंबई कमिटीकडून एकदा मसुदा आला. त्यात होतं, ‘मच्छीमार भगिनींसाठी शीतगृहे उपलब्ध करून दिली जातील.’ आमच्या विभागात मासेमार नाहीत, कमिटीनेही कोणाला विचारल्याचं दिसत नव्हतं, तर सेक्रेटरींनी मला घेऊन थेट खारदांडा गाठला. बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी कोळीण सुरमई कापत होती. त्यांनी उकिडवं बसून तिला वाक्य वाचून दाखवलं. तिला शीतगृह म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, दुपारपर्यंत माझी पाटी खाली होते, बर्फाचं कपाट मला काय करायचंय? मग काय पाहिजे, त्यांनी विचारलं. तिने कोयता थांबवला, माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे नाही, आणि म्हणाली, “सकाळपासून बसतो आम्ही. बाईमाणसाला जायला जागा नाय. पाणी पीत नाय मी दुपारपर्यंत.”

सेक्रेटरींचे कान लाल झाले. पण त्यांनी लिहून घेतलं. शाखेच्या बैठकीत त्यावर अर्धा तास गेला, कारण कोणीतरी म्हणालं ‘प्रसाधनगृह’ लिहू या. ते म्हणाले, तिला तो शब्द कळणार नाही, आणि कळला तर तिथे पावडर लावतात असं वाटेल. संडास लिहा. जाहीरनामा छापून आला तेव्हा मुंबई कमिटीने ते कलम ठेवलं होतं, शब्द बदलून. सेक्रेटरींनी आमच्या शाखेच्या प्रत्येक प्रतीवर तो शब्द खोडून पेनने ‘संडास’ लिहिलं. दोन रविवार लागले.

आता त्या ठरावाबद्दल सांगायला हवं. तो सांगितल्याशिवाय हे चित्र खोटं होईल.

आमच्या ऑफिसकडून टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वस्ती होती. तिथे काशीबाई नावाच्या बाई राहायच्या. जालन्याकडच्या. वसाहतीतल्या एका कारखान्यात बल्बच्या खोक्यांत पुठ्ठे भरायचं काम करायच्या. महापालिकेच्या निवडणुकीसाठी विभागाचा जाहीरनामा लिहिताना आम्ही एक वाक्य लिहिलं होतं, ‘झोपडीवासीयांचे योग्य पुनर्वसन केले जाईल.’ सेक्रेटरी ते घेऊन काशीबाईंच्या दारात गेले. मी बरोबर होते. काशीबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पुनर्वसन म्हंजे काय? दुसरीकडे घर, ते म्हणाले. काशीबाई म्हणाल्या, “दुसरीकडं म्हंजे किती लांब? मी चालत कामाला जाते. चालत येता येईल तितक्या लांब असंल तर घर. नाहीतर ते नुसतं छप्पर.”

परत येताना ते वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि वाक्य पुन्हा लिहिलं: ‘पर्यायी घर दाखवल्याशिवाय आम्ही एकही झोपडी उठू देणार नाही, आणि ते घर अशा जागी असेल, जिथून माणूस चालत कामाला पोचेल.’ मला वाचून दाखवलं. त्यात ‘जाईल’ नव्हता. ‘आम्ही’ होतं. मी ते स्टेन्सिलवर टाइप केलं तेव्हा एकही चूक झाली नाही.

त्याच सुमारास एका मोठ्या पक्षाशी आमची युती ठरत होती. आमच्या शाखेचे अध्यक्ष एक तरुण वकील होते. हुशार, गोड बोलणारे, वाईट नव्हते. मोठा पक्ष आम्हाला त्या विभागात जागा सोडायला तयार होता. अट एवढीच की ते कलम काढायचं. टेकडीच्या अलीकडे नव्या सोसायट्या झाल्या होत्या, तिथली मतं मोठ्या पक्षाची होती, आणि त्या लोकांना वस्ती उठून तिथे बाग व्हायला हवी होती. वकील म्हणत, आपण कलम सोडत नाही, फक्त छापत नाही. एकदा आपला माणूस निवडून येऊ दे, मग आत बसून बोलू.

कलम काढायचा ठराव रविवारच्या बैठकीत मताला येणार होता. आदल्या दिवशी, शनिवारी, वकील आमच्या ऑफिसात आले. माझ्या टेबलाशी बसून चहा घेतला. म्हणाले, पक्षाला तुझ्यासारख्या मुली हव्यात, विभागाच्या महिला आघाडीचं काम तू बघ, कमिटीला मी तुझं नाव कळवतो. ठरावाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तोपर्यंत मला कोणी ‘तुझ्यासारख्या’ असं म्हटलं नव्हतं.

रविवारी वर्ग भरला होता. सेक्रेटरी ठरावाच्या विरोधात बोलले. ते काही वक्ते नव्हते. काशीबाई काय म्हणाल्या तेवढं सांगितलं आणि खाली बसले. मग नियमाप्रमाणे त्यांनी स्वतःच उठून पाच मिनिटं युतीच्या बाजूनेही भाषण केलं, आणि ते इतकं चांगलं झालं की वकिलांनी टाळ्या वाजवल्या. नंतर हात वर करायची वेळ आली. हात नेहमीप्रमाणे सेक्रेटरींनीच मोजले, बाकांच्या मधून चालत, पेन्सिलीने एकेका हाताकडे दाखवत. माझा हात वर होता, कलम काढण्याच्या बाजूने. पेन्सिल माझ्याजवळ आली, थांबली नाही, पुढे गेली.

वीस विरुद्ध अठरा. कलम गेलं.

त्यांनी वहीत आकडा लिहिला, वर बघितलं आणि म्हणाले, ठराव मंजूर. उद्यापासून हाच आपला जाहीरनामा, सगळ्यांचा. स्टेन्सिल पुन्हा कापायची होती. ती मीच कापली.

मला वाटलं होतं ते राजीनामा देतील, निदान प्रचाराला येणार नाहीत. ते रोज आले. कामावरून सुटले की शर्ट बदलून दारोदार. बहुमताने ठरलेलं पाळायचं, हा नियम त्यांनीच शाखेला लावला होता. आणि पहिल्या आठवड्यातच म्हणाले, काशीबाईंकडे जायचं आहे, चल.

मी नको म्हणायला हवं होतं. गेले.

काशीबाईंनी पाट दिला. चुलीवर चहा ठेवला. सेक्रेटरींनी सगळा जाहीरनामा वाचला, पाण्यापासून दिवाबत्तीपर्यंत. संपल्यावर काशीबाईंनी विचारलं, “माझं वाक्य कुठाय?”

“काढलं,” ते म्हणाले. “मत घेतलं. मी हरलो.”

“मग मत मागायला कशाला आलात?”

“पक्षाने ठरवलंय म्हणून. द्या म्हणायला माझं तोंड नाही, देऊ नका म्हणायचा मला अधिकार नाही. वाचून दाखवायचं काम माझं होतं, ते केलं.”

काशीबाईंनी चहा गाळून दोन कप पुढे केले. मग माझ्याकडे वळून अगदी मायेने विचारलं, “तू कुणाकडून हात केलास, पोरी?”

मी म्हणाले, “यांच्याकडून.”

सेक्रेटरी शेजारीच बसले होते. त्यांनीच हात मोजले होते. त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि छपराकडे बघत राहिले. परतताना रस्त्यात ते माझ्याशी दुसऱ्या दिवशीच्या पत्रकांबद्दल बोलले. ती गोष्ट त्यांनी त्या दिवशी काढली नाही, नंतरही नाही. त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं, असं मला किती वेळा वाटलं.

निवडणुकीत आमचा उमेदवार पडला. सोसायट्यांनी मत दिलं नाही, वस्तीनेही दिलं नाही. वर्षभरात वकील मोठ्या पक्षात गेले. महिला आघाडीचं पुढे कोणी काढलं नाही. त्यानंतर रस्ता रुंद व्हायला निघाला आणि वस्ती उठली. काशीबाईंना घर मिळालं म्हणे, पण कुठे तरी लांब. बल्बच्या कारखान्यात त्या पुन्हा दिसल्या नाहीत. सेक्रेटरी दोन रविवार त्यांचा पत्ता शोधत फिरले. सापडला नाही. शाखेत माणसं कमी होत गेली. ते मात्र दर वर्षीच्या सभेत तेच कलम पुन्हा मांडायचे आणि दर वर्षी हरायचे. उरलेले लोक म्हणत, आता वस्तीच नाही, कलम कशाला? ते म्हणत, वस्ती नाही म्हणूनच.

मी ते ऐकलेलं. कारण तोवर माझं लग्न होऊन मी मुलुंडला आले होते. नोकरी सुटली, मरोळ सुटलं. खरं सांगायचं तर सुटलं नाही, मी सोडलं. लग्न हे कारण चांगलं मिळालं.

मुलुंडला आमची दोन खोल्यांची जागा होती. मुलगी चार महिन्यांची होती तेव्हा एका दुपारी दार वाजलं. सेक्रेटरी. तोच पांढरा शर्ट, पण गळ्यापाशी ढगळ झालेला. म्हणाले, पत्ता तुझ्या वहिनीकडून घेतला. मुलीला बघितलं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. मी पोहे केले. ते मरोळच्या माणसांबद्दल बोलले: कोण रिटायर झालं, कोणाचा मुलगा दुबईला गेला. शाखेत आता अकरा जण आहेत, म्हणाले. पुढच्या रविवारी वार्षिक सभा.

मी त्यांच्यासमोर बसले होते, मुलगी मांडीवर. आणि मला एकदम वाटलं की आत्ता नाही बोलले तर हा माणूस पोहे खाऊन जाईल आणि संपलं. मी म्हणाले, “सेक्रेटरी, त्या दिवशी मला पटलं म्हणून मी हात वर केला नव्हता. वकील येऊन गोड बोलून गेले म्हणून केला. आणि काशीबाईंना मी खोटं सांगितलं.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “माका ठाऊक आसा.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुझा मत तुझा. ता मी कशाक काढू?” थोडा वेळ ते मुलीच्या पायाशी खेळत राहिले. मग मनाशी हिशेब केल्यासारखं म्हणाले, “आणि तू माझ्याकडून हात केला असतास तर काय झालं असतं? एकोणीस-एकोणीस. बरोबरी झाली की अध्यक्षाचं जादा मत. अध्यक्ष वकील. नियम मीच लिहिलेला. तरी पडलोच असतो.”

मला रडू आलं, आणि हसूही. इतकी वर्षं मी जे ओझं वागवलं ते त्यांनी नियमाच्या वहीतून उचलून बाजूला ठेवलं होतं. मी म्हणाले, म्हणजे माझ्या हाताने काहीच फरक पडला नसता.

ते उठत होते, ते थांबले. “तसा नाय गो,” म्हणाले. “पडलो असतो. पण ता पडणा वेगळा झाला असता.”

खाली बस स्टॉपपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. बस येईपर्यंत ते सोसायटीच्या गेटवरची नोटीस वाचत होते. ‘पाण्याची टाकी साफ केली जाईल.’ त्यांनी खिसा चाचपला, पेन्सिल नव्हती बहुधा, आणि बस आली.

पुढच्या रविवारी मी मुलीला घेऊन मरोळला गेले. नवऱ्याला सांगितलं, सभा आहे. कसली सभा, त्याने विचारलं. आल्यावर सांगते म्हटलं. तोच वर्ग, तेच बुटके बाक. अकरा माणसं होती आणि मी बारावी, वर्गणी न भरलेली. मला मत देता येणार नव्हतं. सेक्रेटरींनी सभा सुरू होण्यापूर्वी मला फॉर्म दिला, उलटा करून. मागे काय लिहायचं ते मला लगेच सुचलं. मी लिहिलं, ‘लोकशाही. माझा हात माझ्या ताब्यात नसतो.’ त्यांनी वाचलं, वर्गणी घेऊन पावती फाडली आणि फॉर्म फाइलला लावला.

कलम शेवटी आलं. त्यांनी ते वाचलं. बाजूने कोण, त्यांनी विचारलं आणि रिवाजाप्रमाणे स्वतःचा हात आधी वर केला. मुलगी माझ्या डाव्या खांद्यावर झोपली होती. मी उजवा हात वर केला. वर्गात जरा हालचाल झाली, काहींनी मागे वळून बघितलं. ते बाकांच्या मधून चालत आले, मोजायला माणसं फार नव्हती तरी आले. माझ्यापाशी पेन्सिल थांबली.

“दोन,” ते म्हणाले.

दहा विरुद्ध दोन. ठराव पडला. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली निळ्या बाजूने रेघ मारली. लाल रेघ खोडायची; निळी मी त्यांच्या वहीत कधी पाहिली नव्हती.

पुढच्या सभेपूर्वी ते गेले. शाखा त्यानंतर भरलीच नाही. मी नंतर कितीतरी ठिकाणी हात वर केले असतील, सोसायटीत, शाळेत, पालकसभेत. कितीदा आमचीच बाजू जिंकली. पण त्या दुपारी, झोपलेल्या पोरीचा भार एका खांद्यावर आणि दुसरा हात हवेत, हरायची पक्की खात्री असताना मला जे वाटलं, ते मी तेव्हापासून शोधते आहे.